हॉट टब ठेवावा की काढावा: कालनिर्णयवर मांडलेला वर्षाचा हिशोब

मिनेसोटातील हे घर आम्ही घेतले, तेव्हा मागच्या अंगणातला हॉट टब घरासोबतच आला. आम्ही तो मागितलेला नव्हता. परंतु जानेवारीतल्या उणे 20 अंशांच्या रात्री, डोक्यावरचे ओले केस गोठून काड्यांसारखे ताठ झालेले असताना गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसून पाहिल्यावर, तो काढून टाकण्याचा विषय चार वर्षे कोणी काढला नाही. नंतर त्याच्या झाकणातल्या फोममध्ये पाणी मुरत गेले आणि ते इतके जड झाले, की मला एकटीला उचलेना. नव्या झाकणाची किंमत पाहून नवऱ्याने विचारले, की हा खटाटोप आपण नेमका कशासाठी करतो आहोत. उत्तर माझ्यापाशी नव्हते. म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे एरवी दुधाचा हिशोब लिहिला जातो त्या जागी, मी वर्षभर दोनच गोष्टी टिपल्या: कोणी टबात बसले तर एक टिंब, आणि टबासाठी काम केले तर त्याची मिनिटे.

कामाचे स्वरूप आधी सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला टब म्हणजे मोठी बादली वाटते. आमच्या टबात सुमारे 1500 लिटर पाणी मावते. चौघे जण बसले, तर माणशी 375 लिटर झाले. हेच प्रमाण 25 मीटर लांब, 12 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशा तरणतलावाला लावले, तर त्यात एका वेळी 1200 माणसे उतरवावी लागतील. शिवाय पाणी 39 अंशांवर असते, आणि गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो. त्यामुळे आठवड्यातून किमान दोनदा चाचणीची पट्टी बुडवून रंग पाहावा लागतो: पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान आणि क्लोरीन दहा लाख भागांमागे किमान 3 भाग. बुडबुड्यांची मौज चालू असताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो, म्हणजे जितका टब वापरावा तितके मोजमाप वाढते. पाण्याची क्षारता वाढवण्यासाठी दुकानात जी पावडर मिळते, ती बहुधा खाण्याचा सोडाच असतो, हे कळल्यापासून मी तो किराणा दुकानातूनच आणते.

चालढकल करण्याची सोय येथे नाही. क्लोरीन कमी पडला, तर स्यूडोमोनास या जिवाणूमुळे अंगावर पुरळ उठते, आणि हे त्यातल्या त्यात सौम्य प्रकरण. 1999 मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या हॉट टबच्या तुषारांतून लेजिओनेला हा गंभीर न्यूमोनिया घडवणारा जिवाणू पसरला आणि 30 हून अधिक माणसे दगावली. ते टब केवळ पाहण्यासाठी ठेवलेले होते. त्यांत कोणी उतरलेही नव्हते.

आमच्या घरातला सर्वांत मोठा अनर्थ मात्र नरक चतुर्दशीला घडला. सासूबाई त्या दिवाळीत आमच्याकडे होत्या. त्यांनी पहाटे दोन्ही मुलांना तेल चोळले, उटणे लावले आणि न्हाणीघराकडे पाठवले. मुले मागच्या दाराने थेट टबात शिरली. मी पाहिले तेव्हा कडेपर्यंत फेस आला होता, आणि त्यावर उटण्याचा पिवळसर तवंग फिरत होता. फिल्टरच्या कापडाला साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक चुण्या असतात. त्या प्रत्येक चुणीत तेल आणि चण्याच्या पिठाचा लगदा बसला होता. फिल्टर रात्रभर तेल काढणाऱ्या द्रावणात भिजत ठेवला, सगळे पाणी सोडून दिले आणि टब पुन्हा भरला. नळाचे 8 अंशांचे पाणी 39 अंशांवर नेण्यास सुमारे 54 युनिट वीज लागते. साडेपाच किलोवॉटचा हीटर त्यासाठी जवळजवळ दहा तास चालतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या विजेत गावच्या सगळ्यांचं अभ्यंगस्नान झालं असतं." गाव त्यांचे संगमेश्वर तालुक्यातले, तुरळ-राजवाडीची उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, जवळच. तेथे पाणी जमिनीतून गरमच येते आणि वाहून जाते. ते राखण्याची चिंता कोणाला नसते.

वर्ष संपल्यावर बेरीज केली. टिंबे 63 आणि काम 44 तास, म्हणजे वीस मिनिटे बसण्यामागे सुमारे 42 मिनिटांची सेवा. नवऱ्याच्या दृष्टीने निकाल तिथेच लागला होता. मी मात्र पाने उलटून महिन्यांनुसार पुन्हा मोजले. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत आम्ही केवळ सात वेळा बसलो होतो, आणि त्याच काळात 17 तास काम केले होते. उरलेल्या सात महिन्यांत 56 टिंबे आणि 27 तास. थंडीतला टब आम्ही खरोखर वापरतो. उन्हाळ्यातला टब केवळ दावणीला बांधलेल्या भाकड जनावरासारखा सांभाळतो.

अडचण अशी, की सोपा भाग नेमका उन्हाळ्याचाच आहे. थंडीत वीज गेली, तर नळ्यांत पाणी गोठून त्या फुटण्याची भीती असते, आणि एका फेब्रुवारीत नऊ तास वीज नव्हती तेव्हा आम्ही टबावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकून जागत बसलो होतो. तरीही तो काळ सोडून देण्यास माझे मन तयार नाही. म्हणून ठरले ते असे: मेच्या आरंभी नळ्या साफ करणारे द्रावण फिरवायचे, क्लोरीन उतरू दिल्यावर पाणी सोडायचे, नळ्यांत साचलेले पाणी व्हॅक्यूमने काढायचे आणि बुरशी धरू नये म्हणून झाकण किंचित उघडे ठेवायचे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच द्रावण फिरवून टब नव्याने भरायचा. नवऱ्याने हे मान्य केले, मात्र पाणी सोडण्याचे काम माझ्याकडे आणि थंडीतल्या पट्ट्या त्याच्याकडे, या अटीवर. वाटणी त्याच्या फायद्याची नाही, हे त्याला डिसेंबरमध्ये कळेल.

नवे झाकण मागवले आहे. जुने कुंपणाला टेकवून ठेवले आहे. कालच्या पावसाने ते आणखी जड झाले असून ते हलवण्यासाठी आता शेजाऱ्यांनाही बोलवावे लागणार आहे.