सातव्या दिवसाचे क्यूब

सकाळी पावणेसातला साइटवर पोचले तर पाचव्या मजल्यावरून हातोड्याचे आवाज येत होते. त्या मजल्यावर त्या दिवशी काहीच काम नव्हतं. वेळापत्रक मीच केलेलं, त्यामुळे पक्कं ठाऊक होतं. जिना चढून गेले, तर मुकादमांची माणसं वरचा स्लॅब पक्का होईपर्यंत त्याला तोलून धरणाऱ्या टेकूंचे जॅक सैल करत होती.

"दादा, कोणी सांगितलं?"

"मोठ्या साहेबांचा निरोप आलाय, मॅडम. क्यूब पास झाले म्हणे. हे टेकू वरच्या मजल्याला हवेत."

क्यूब म्हणजे स्लॅबच्याच काँक्रीटचे पाडलेले ठोकळे; ते मशिनमध्ये दाबून फोडले की काँक्रीटची ताकद कळते. डोक्यावरचा स्लॅब सात दिवसांचा होता. त्याचे टेकू काढून त्याच्याच पाठीवर उभे करायचे आणि परवा वरचा स्लॅब ओतायचा, असा बेत. म्हणजे १२० घनमीटर ओलं काँक्रीट, जवळपास २९० टन. काम थांबवायचा अधिकार मला नव्हता. बांधकाम व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण संपवून प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून रुजू होऊन जेमतेम आठ महिने झालेले. मी एक तास मागितला. मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्लॅबकडे. "एक तास थांबतो. पुढे माणसं बसवून ठेवता यायची नाहीत," म्हणाले. सैल केलेले जॅक त्यांनी मी न सांगताच पुन्हा आवळून घेतले.

प्रयोगशाळेचा अहवाल खरंच पास होता. ३० मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक) ताकदीच्या काँक्रीटला टेकू काढण्यापूर्वी ७० टक्के, म्हणजे २१ हवे होते आणि क्यूब २२.४ला फुटले होते. पण हे क्यूब सात दिवस ठरावीक तापमानाच्या पाण्यात होते. स्लॅब मात्र वाऱ्यात उघडा होता आणि त्या आठवड्यात रात्रीचा पारा सहा अंशांवर उतरत होता. थंडीत सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया मंदावते, ताकद उशिरा येते. त्याच काँक्रीटचे आणखी क्यूब स्लॅबवरच, त्याच गोणपाटाखाली ठेवलेले होते. ते कोणी फोडलेच नव्हते.

तीन क्यूब उचलून मशिनवर नेले. १४.६, १५.१, १४.२.

तिसरा आकडा लिहिताना पेन हातात घट्ट धरलं होतं. पदव्युत्तरच्या पहिल्याच सत्रात सरांनी दोन दुर्घटना आमच्याकडून तारखेनिशी पाठ करून घेतल्या होत्या. २ मार्च १९७३, अमेरिकेत व्हर्जिनियातली स्कायलाइन प्लाझा. २३व्या मजल्याच्या स्लॅबचे टेकू वेळेआधी काढले गेले, इमारतीचा एक भाग थेट तळापर्यंत कोसळला, १४ कामगार गेले. २७ एप्रिल १९७८, वेस्ट व्हर्जिनियातलं विलो आयलंड. वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरच्या आदल्या दिवशीच्या कच्च्या काँक्रीटवर मचाणाचा भार आला आणि ५१ जण गेले. वर्गात हे ऐकताना वाटायचं, इतकी उघड चूक कोण करेल? त्या सकाळी कळलं की चूक होताना ती उघड दिसत नाही. हातात पासचा अहवाल असतो, निरोप आलेला असतो, माणसं कामाला लागलेली असतात.

नुसतं 'नको' म्हणायला माझी आधीची सिव्हिलची पदवी पुरली असती. प्रकल्प व्यवस्थापकांपुढे, म्हणजे मोठ्या साहेबांपुढे, त्याहून जास्त काही घेऊन जाणं भाग होतं, कारण करारात उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड होता आणि त्याचं उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. माणूस वाईट नव्हता, कोंडीत सापडलेला होता. व्यवस्थापनाचं हे शिक्षण साइटच्या धुळीतून सुटून एसीत बसण्यासाठी घेतात, असं अनेकांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. करार, खर्च, वेळापत्रक आणि सुरक्षितता हे चार विषय आम्हाला वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकवले. त्या तासाभरात मात्र चारही एकाच कागदावर मांडावे लागले.

कागद असा होता: टेकूंचा आणखी एक संच भाड्याने आणायचा. खालचे टेकू हलवायचे नाहीत, म्हणजे वरचा भार खालच्या मजल्यांत वाटला जाईल. स्ट्रक्चरल इंजिनिअरांना फोन लावून हा हिशोब तपासून घेतला. संच यायला दोन दिवस लागणार होते, तोवर सळईकामाची टोळी जिन्याच्या भिंतींवर लावायची. भाडं एका दिवसाच्या दंडाहून कमी. स्लॅब पक्का होईपर्यंत थांबलं असतं तर उशीर चार दिवसांचा, असा मात्र दोनच. ते दोन दिवस मी वेळापत्रकात झाकले नाहीत, कारणासकट नोंदवले.

साहेबांनी आधी भाड्याचा आकडा वाचला, मग क्यूबचे. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "हे क्यूब तू स्वतः फोडलेस?"

"हो सर. फुटलेले तुकडे मशिनपाशीच आहेत."

ते उठून बघायला गेले. परतताना वाटेतूनच त्यांनी मुकादमांना फोन केला.

अकराव्या दिवशी स्लॅबवरचे क्यूब २१.७ला फुटले. पुढे वरचा स्लॅबही पक्का झाल्यावर टेकू काढायला मुकादम स्वतः आले. सुरुवात दोन कॉलममधल्या गाळ्याच्या मध्यापासून केली आणि कॉलमकडे सरकत गेले, एकेक जॅक हळूहळू फिरवत. स्लॅब किती खाली येतो ते मोजायला मी लेव्हल लावून उभी होते. मधली रांग सुटल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "किती बसला?"

"तीन मिलिमीटर."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेकूला हात घातला.