अंतूरच्या माथ्यावरचं पाणी

रविवार, रात्री साडेनऊ

पायमोज्यांतली कुसळं काढत बसलोय. चिमट्यानं एकेक ओढावं लागतं. नखानं धरायला गेलं की तुटतं आणि टोक आतच राहतं. ऑक्टोबर लागला की डोंगरावरचं गवत वाळतं, आणि वर जाऊन आलेला माणूस थोडंफार रान अंगावर घेऊनच घरी येतो. आज अजिंठ्याच्या रांगेतला अंतूर किल्ला केला. बदली होऊन कन्नडला आल्यापासून हा तिसऱ्यांदा. आधी दोनदा गेलो तेव्हा दरवाजे, तटबंदी, शिलालेख असं सगळं बघितलं. आज पाणी बघितलं, म्हणून लिहून ठेवतो.

पहाटे पाचला निघालो. सोबत आमच्या शाळेतले इतिहासाचे सर. पिशोर मागं टाकून नागापूरला पोचेपर्यंत चांगलं उजाडलं. दोन्ही अंगाला काढणीला आलेली मका, नुकता फुटू लागलेला कापूस, मधेच अद्रकीचे वाफे. कुठंही डोंगर चढतोय असं वाटत नाही. अजिंठ्याच्या रांगेचं हेच वेगळेपण आहे. आपल्या बाजूनं ती पठारासारखी सपाट येत राहते आणि खानदेशाच्या बाजूला एकदम तुटते. चाळीसगावकडून बघणाऱ्याला ती भिंत दिसते, कन्नडकराला नुसतं रान. "मराठवाड्यात कुठले आलेत डोंगर?" असं पुण्यातले नातेवाईक विचारतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. त्यांना एकदा या कडेला आणून उभं करायचंय.

गाडी लावून चालायला लागलो. रानाच्या कडेला शेत असलेले एक बाबा भेटले. त्यांनी आधी आमच्या पाठपिशव्या बघितल्या.

"सर, पाणी किती घेतलं?"

"तीन तीन लिटर आहे, बाबा."

"मंग बरंय. वर तळं हाय, पण ते प्यायचं नाही. अन् बिबट्याचं काही नाही, तो त्याच्या वाटंनं जातो. अस्वल दिसलं तर मुकाट्यानं मागं फिरा."

हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्याचं रान, 1986 साली जाहीर झालेलं. 2021 मध्ये तर यवतमाळकडच्या टिपेश्वरहून तीनशेहून जास्त किलोमीटर चालत एक वाघ इथं येऊन पोचला. किती शेतं, किती रस्ते, किती गावं ओलांडली असतील त्यानं! आम्हाला आज मोरांशिवाय काही दिसलं नाही. साग, सालई, धावडा, पळस. पानं अजून हिरवी होती, पण कडा करपायला लागल्या होत्या. सीताफळं डोळे उघडायला आलेली. वाटेवर तो जुना मैलाचा दगड आहे, कुठल्या बाजूला कुठलं गाव ते फार्सीत कोरून सांगणारा. इतिहासाचे सर तिथं थांबले की अर्धा तास हलत नाहीत. आजही हलले नाहीत.

किल्ला म्हणजे पठाराचंच एक टोक. ते मूळ डोंगरापासून तोडायला कातळात आरपार खंदक खोदलाय. खाली उतरून भिंतीला हात लावला. छिन्नीचे घाव अजून मोजता येतात, तिरपे, एकाखाली एक, वीतभर जागेत सात-आठ. एका घावात शेवाळ वाळून बसलं होतं आणि त्यात मुंग्यांची रांग. सर म्हणाले, किल्ल्यांवर बहुतेक ठिकाणी हीच रीत. खंदकातला, टाक्यांतला दगड काढायचा आणि तोच तटाला लावायचा. एका खोदाईत वैऱ्याची वाट बंद होते, भिंत उभी राहते आणि पावसाळ्यात टाकंही भरतं. मी कितीतरी वेळ त्या घावांकडंच बघत राहिलो.

एकामागं एक दरवाजे ओलांडून वर आलो आणि तळं समोर आलं. काठाला दर्गा. पाणी हिरवट, वर शेवाळाचा तवंग. तवंग हातानं बाजूला केला तर खाली स्वच्छ, चांगलं कोपरभर खोलपर्यंत दिसत होतं. गार. दिवाळी तोंडावर आली तरी डोंगराच्या माथ्यावर एवढं पाणी!

मी लातूरचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथंच होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या आईनं हंडे, बादल्या, कुकर, अगदी देवघरातला गडूसुद्धा भरून ठेवला होता, आणि भांडी घासलेलं पाणी ती तुळशीला घालायची. तेव्हापासून कुठंही साठलेलं पाणी दिसलं की मी आधी त्याची खोली बघतो. ही सवय आता जाणार नाही.

भाकरी, ठेचा आणि कारळाची चटणी खाल्ली आणि उत्तरेच्या बुरुजावर जाऊन बसलो. पायाखाली सगळं तुटलेलं. खाली खानदेश, उन्हात धुरकट. तेव्हा डोक्यात आलं, इथल्या पावसाचं काय होत असेल? या कड्यावरून खाली गेलेला थेंब तापीच्या खोऱ्यात, म्हणजे सुरतेजवळ समुद्राला. आणि पाठीमागं, पिशोरच्या अंगाला पडलेला पूर्णेतून गोदावरीला, पार आंध्रात, पूर्वेच्या समुद्राला. मधे अंतर किती, तर आम्ही सकाळी चाललो तेवढं. आमची मांजरा बालाघाटात उगम पावते, पाटोद्याकडं, आणि तीही शेवटी तेलंगणात गोदावरीलाच मिळते. म्हणजे या रानातलं पाणी आणि आमच्या लातूरचं पाणी कुठंतरी एकत्र वाहतं. चार वर्षं मी इथं स्वतःला परगावचा समजत होतो. आज बुरुजावर तसं वाटलं नाही. सरांना हे सांगावंसं वाटलं, पण गळा दाटला आणि राहून गेलं.

उतरताना मुरमावरून घसरलो, डावा गुडघा सोलला. हळद लावलीय.

घरी आल्यावर आईला फोन केला. तिला किल्ल्याचं काही विचारायचं नव्हतं.

"वर पाणी हाय म्हणतूस?"

"हाय की. तळं भरलंय."

"उन्हाळ्यात ऱ्हातंय का?"

हे मला माहीत नव्हतं. तीनदा गेलो, तिन्ही वेळा पावसाळ्यानंतरच. तळ्याच्या दर्ग्याकडच्या काठावर एक तिरपा दगड आहे, आज तो निम्मा पाण्यात होता. त्याचं चित्र वहीत काढून ठेवलंय, पाण्याची रेघ दाखवून. गुढीपाडव्यानंतर ऊन तापायच्या आत, पहाटेच निघून परत जायचं. सर येतो म्हणालेत. आईला तोपर्यंत थांब म्हणालोय.