तुम्ही विचारलंत म्हणून: लुगोसीला इंग्रजी येत होतं का?

हंगेरीहून अमेरिकेत गेलेला नट बेला लुगोसी याचं नाव निघालं की हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजीचा गंध नसताना नुसती घोकंपट्टी करून त्यानं रक्त पिणारा सरदार ‘ड्रॅक्युला’ आधी नाटकात आणि मग चित्रपटात केला, हे खरं का? घोकंपट्टी खरी आहे, पण ती पाच वर्षं आधीच्या दुसऱ्याच नाटकासाठी केलेली.

आधी नावाचं सांगते. हंगेरियनमध्ये ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो, त्यामुळे तो मुळात लुगोशी. लुगोश गावचा म्हणून लुगोशी, साताऱ्याचा सातारकर तसा. घरचं आडनाव ब्लाश्को, जन्म १८८२ चा. गाव तेव्हा हंगेरीत होतं, आज रुमानियात आहे. गावोगावच्या नाटक कंपन्यांतून काम करत तो १९१३ मध्ये बुडापेस्टच्या नॅशनल थिएटरमध्ये पोचला. पहिल्या महायुद्धात लढला, जखमी झाला. १९१९ मध्ये नटांची संघटना बांधण्यात तो पुढं होता. बेला कुनचं साम्यवादी सरकार कोसळल्यावर तेच अंगाशी आलं आणि देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. तिथं मूकपट मिळाले, कारण मूकपटात उच्चार आड येत नाहीत. १९२० च्या डिसेंबरात मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून काम करत तो न्यू ऑर्लिन्सला उतरला. पुढं न्यूयॉर्कमध्ये आपल्यासारख्याच हंगेरियन नटांना जमवून त्यानं तिथल्या हंगेरियन प्रेक्षकांसाठी नाटकं केली.

इंग्रजी रंगभूमीवरचं पहिलं काम १९२२ चं, ‘द रेड पॉपी’. ते मात्र त्यानं अर्थापेक्षा आवाज ऐकून पाठ केलं. अशा पाठांतरात आपली वाक्यं ही सोपी बाजू. ती आपल्या लिपीत उतरवता येतात, आघात कुठं द्यायचा तिथं खूण करता येते, महिनाभरात जिभेवर बसतात. अवघड असतो तो समोरच्याचा क्यू. त्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द कानानं पकडायचा आणि त्यावर आपलं वाक्य टाकायचं. समोरच्यानं शब्द बदलला, अर्धं वाक्य गाळलं, की भाषा न येणाऱ्याला आपली पाळी कळत नाही. सावरून घ्यायला पदरचे शब्द नसतात. दिग्दर्शकाची सूचनाही दुभाष्यामार्फत पोचते, तीही अर्धी. म्हणून असं काम तालमीत जसं बसलं तसंच दगडासारखं राहतं, रोजच्या प्रयोगात श्वास घेत नाही.

‘ड्रॅक्युला’ नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं ऑक्टोबर १९२७ मध्ये आणि त्याचे २६१ प्रयोग झाले. तोवर लुगोसी इंग्रजी बोलत होता. १९३१ च्या चित्रपटात तर नक्कीच. त्याच वर्षी तो अमेरिकेचा नागरिकही झाला. मग ते बोलणं इतकं वेगळं का वाटतं? हंगेरियनमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो आणि प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारला जातो. इंग्रजीत आघात नसलेले स्वर गिळले जातात. लुगोसी एकही गिळत नाही. ‘आय बिड यू वेलकम’ हे वाक्य लक्ष देऊन ऐका. चारही शब्द सुटे, प्रत्येकाला सारखं वजन. इंग्रज माणूस ‘यू’ जाता जाता उरकेल. हा त्या ‘यू’ वरही थांबतो. ‘वेलकम’मधला ‘व’ मात्र आपल्या कानाला खटकत नाही, कारण इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ (v आणि w) आपणही एकच म्हणतो. इंग्रजी कानाला तोच आधी खटकतो. त्याच्या लांब थांबण्याचं श्रेय मात्र मी भाषेच्या अडचणीला देणार नाही. पल्लेदार वाक्यं तोलून टाकायची ती जुनी नाटकी शिस्त आहे, आणि ती त्यानं बुडापेस्टमध्येच कमावली होती.

याच उच्चारानं त्याला उभं केलं आणि यानंच अडकवलं. चित्रपटासाठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवड्यांचे ३,५०० मिळाले. नाव जगभर झालं, पण परक्या उच्चाराला हॉलिवूडमध्ये कामं मोजकीच: सैतानी डॉक्टर, गूढ सरदार, नोकर. भयपटांतला दुसरा मोठा नट बोरिस कार्लॉफही बाहेरूनच आलेला, पण जन्मानं इंग्रज, त्यामुळे त्याला भूमिका बदलत राहता आलं. १९३६ नंतर भयपट थंडावले तेव्हा लुगोसीकडे दुसरं काही उरलंच नाही. राहतं घर गेलं. शेवटच्या वर्षांत वेदनाशामकांचं व्यसन जडलं. १९५५ मध्ये तो आपणहून उपचारांसाठी दाखल झाला, आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये वारला. पुरताना अंगावर ड्रॅक्युलाचा झगा होता.

एवढ्यावरून त्याला एकाच भूमिकेचा नट म्हणणं मला पटत नाही. १९३९ चे दोन चित्रपट पाहा. ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो इगोर आहे: फाशी देऊनही जगलेला, मानेचं हाड वाकडं बाहेर आलेला. आवाज इतका घोगरा, की हंगेरियन हेल जवळजवळ बुजून जातो आणि खाली उरतो तो एक लबाड, एकाकी माणूस. दुसरा ‘निनोच्का’. त्यात तो रशियन अधिकारी रझिनिन होतो. झगा नाही, नुसतं टेबल आणि समोर ग्रेटा गार्बो, तीही स्वीडनहून आलेली. त्या चित्रपटातले किती तरी नट स्थलांतरितच, त्यामुळे तिथं लुगोसीचा उच्चार कुणाला विचित्र वाटत नाही. काम अगदी थोड्या मिनिटांचं आहे, म्हणून तो यायच्या वेळी जागचे उठू नका.