फोड, गवंडीबाबा आणि रामसेतू

वारीत नीरा स्नान झालं, लोणंदचा मुक्काम झाला, कुठला दिवस कुठला ते आता आठवत नाही, सगळं एकात एक मिसळलंय. लक्षात आहे ती लोणंद-तरडगाव मधली दुपार. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, अश्व समोरून गेला, डोळे भरून आले आणि दोनच मिनिटांत परत टाच ठणकायला लागली. एवढा मोठा फोड आलेला की पाय टेकवेना. त्यात आमच्या दिंडीतले दोघं सकाळपासून रामसेतूवर भांडत होते, एक म्हणतो वानरांनीच बांधला, दुसरा म्हणतो नुसती वाळू आहे, आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून एकमेकांना दाखवतायत. म्हणलं टाळ वाजवा की राव, नाहीतर गप्प चाला.

शेवटी रस्त्याकडेला बसलोच. शेजारी एक म्हातारे बाबा, कराडकडचे, आयुष्यभर गवंडीकाम केलेले. न विचारताच माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मला कसंतरीच झालं, वयानं एवढा मोठा माणूस, पण ते म्हणाले "माउली, गप बसा." पिशवीतनं सुई काढली, काडी पेटवून तापवली, दोरा ओवून फोडातनं आरपार घेतला आणि दोरा आतच ठेवला, त्याच्यावाटे पाणी झिरपतं म्हणे. मी विव्हळतोय आणि बाबा बोलतायत, कारण त्या दोघांचं भांडण त्यांनीही ऐकलेलं.

"रामेश्वरला जाऊन आलोय मी. धनुष्कोडीच्या टोकाला उभं राहिलं की पुढं पार मन्नार बेटापर्यंत वाळूचे दांडे. लंका तिथनं तीसेक किलोमीटर. पाणी काही ठिकाणी कमरेएवढं सुद्धा नाही, म्हणून मोठी जहाजं जात नाहीत, लंकेला वळसा घालतात. 2005 ला खोदून वाट काढायला घेतली, मग कोर्टात अडकलं."

मी म्हणलं, मग ते नैसर्गिकच ना? शाळेत शिकलेलं मलाही आठवत होतं, हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होता, तेव्हा तिथं सगळी जमीनच होती, नंतर पाणी वर आलं, प्रवाळ आणि वाळूचे थर साचत गेले, दोन्हीकडच्या प्रवाहानं दांडे अजूनही सरकतात.

बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "असंल. पण वाल्मिकीचं वाचा की. पहिल्या दिवशी सेतू चौदा योजनं, मग वीस, एकवीस, बावीस, तेवीस. पाच दिवसात शंभर. रोज काम वाढतंय बघा, हात बसला की असंच होतं, हे लिहिणाऱ्यानं साइट बघितलेली असणार. आणि काही वानर दोरी धरून उभे, काहींच्या हातात मापाचे दांडके. म्हणजे लाइनदोरी! कीर्तनात नुसती खार आणि तरंगणारे दगड सांगतात, मोजमाप कोण सांगतच नाही. सेतू बांधणारा नल तर विश्वकर्म्याचा पोरगा, म्हणजे आमच्यातलाच."

म्हणलं, पण बाबा शंभर योजनं म्हणजे हजारच्या वर किलोमीटर होतात, तिथं तर तीसच आहे.

बाबा हसले. "बिल करताना वाढवलं असंल." आणि लगेच दोन्ही कान धरले, राम राम म्हणाले, डोळ्यात पाणी. मला हसावं का काय ते कळेना.

पाय खाली ठेवला तर ठणका कमी झालेला. मी पाठीमागं वळून पाण्याची बाटली काढेपर्यंत बाबा उठून गर्दीत गेले. दिंडीचा नंबर विचारायचा राहिला. तरडगावात समाज आरतीच्या वेळी शोधलं, पण त्या गर्दीत कोण सापडतंय. फलटणला राममंदिराची रांग बघूनच परत फिरलो, लांबनंच हात जोडले.

बरडला टँकरवर अंघोळीला मारामारी, साबण डोळ्यात आणि त्याच रांगेत पुढं ते दोघं, सेतू अजून मिटला नव्हता. मी मध्ये घुसून चौदा, वीस, एकवीस सांगायला गेलो तर एकजण म्हणाला, "हिशोब नंतर, आधी बादली पुढं करा."