क्वेटिकोला जाताय? आधी त्या चिखलाबद्दल वाचा

‘दू रिव्हिएरचा पोर्टेज? जेमतेम वीस मिनिटं.’ होडी भाड्याने देणाऱ्याचे शब्द. पोर्टेज म्हणजे दोन तळ्यांमधली, होडी डोक्यावर घेऊन चालायची वाट. आम्हाला अडीच तास लागले.

क्वेटिको म्हणजे कॅनडाच्या उत्तर-पश्चिम ऑन्टारिओतलं जंगल, थंडर बे शहरापासून गाडीने दोनेक तास. फ्रेंच लेकला होडी पाण्यात सोडली, नदीतून पिकरेल लेक, तिथून स्टर्जन लेककडे. पहिला दीड दिवस मजेत गेला. फक्त पिकरेलवर दुपारी समोरून वारा सुटतो, तेव्हा सकाळी सहालाच वल्ही हातात घ्या.

मग स्टर्जनच्या अलीकडे आला तो दू रिव्हिएरचा पोर्टेज. इथे पाट्या नाहीत. आदल्या रात्री पाऊस झालेला. माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि वर आला तो बुटाविना. डोक्यावर वीस किलोची होडी, दोन्ही हात अडकलेले, डास थेट नाकपुडीत. मागून मित्र म्हणाला, ‘हलू नकोस, आलोच,’ आणि तोही रुतला. बूट शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागला. सगळं सामान पलीकडे न्यायला तीन फेऱ्या. 1870 मध्ये ब्रिटिश कर्नल वुल्स्लीची फौज पश्चिमेला रेड रिव्हरकडे याच मार्गाने गेली होती म्हणे. त्यांना दंडवत.

तेव्हा सँडल घरी ठेवा, घोट्यावर घट्ट बांधता येणारे बूटच घाला. डोक्यावरून घ्यायची जाळी नसेल तर जूनमध्ये फिरकूच नका, ऑगस्टअखेर जा. सामान दोन फेऱ्यांत मावेल एवढंच. आमची लोखंडी कढई हा शुद्ध गाढवपणा होता.

दुसरा राग गांडुळांचा. वाटेतल्या दुकानाने डबाभर गांडुळं गळ्यात मारली, तीही चढ्या भावाने. क्वेटिकोत जिवंत आमिष चालतच नाही! फक्त कृत्रिम आमिष, आणि गळाला उलटा काटा नको; असला तर पक्कडीने दाबून टाका. डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्याही आत न्यायच्या नाहीत. मासेमारीचा परवाना लागतोच.

स्टर्जनवर संध्याकाळी वॉलाय मासा गळाला लागला. (इथले लोक त्यालाही पिकरेलच म्हणतात, गोंधळू नका.) हळद, तिखट, मीठ, वरून तांदळाचं पीठ, आणि तळायला तीच गाढवपणाची कढई. असा मासा मी टोरांटोत दहा वर्षांत खाल्लेला नाही. त्या तंद्रीत मी मित्राला म्हणालो, पुढच्या वर्षी परत येऊ.

दोन दिवसांनी परतीला पुन्हा तोच चिखल. ते वाक्य मी तिथेच मागे घेतलं.