एका उत्तरावरची लाल फुली

सातवीच्या वर्गात मी चाचणीच्या उत्तरपत्रिका परत देत होतो. अपठित उतारा आणि त्याची आदर्श उत्तरे मला तयार मिळाली होती आणि उतारा बारकाईने न वाचताच मी त्या उत्तरांशी ताडून गुण दिले होते, हे आधीच सांगून टाकतो. उताऱ्यातला मुलगा स्वतःची हकीकत सांगतो: चित्रस्पर्धेत मित्राला बक्षीस मिळाले, पण मला जराही वाईट वाटले नाही. पुढच्याच वाक्यात तो आपल्या चित्राचे बारीक तुकडे करत बसलेला आहे. 'निवेदकाच्या मनाची अवस्था सांगा' या प्रश्नाला 'त्याला वाईट वाटले नाही' हे उत्तर अपेक्षित होते. एका मुलीने लिहिले होते, 'निवेदक खोटे बोलत आहे.' त्यावर माझी लाल फुली होती.

ती टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, वाईट वाटलं नव्हतं तर त्यानं चित्र का फाडलं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. उपमा-उत्प्रेक्षांची ठरलेली उजळणी बाजूला ठेवून मी ती दोन वाक्ये फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरच्या मुलाने हरकत घेतली, की वाईट वाटले नाही असे लेखकानेच लिहिले आहे. तेव्हा माझ्या लक्षात आले, की 'निवेदक म्हणजे कथा सांगणारा' ही व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ असली, तरी मुलांच्या मनात लेखक आणि निवेदक एकच होते. चित्र फाडण्याची कृती त्या वाक्याला खेटून ठेवणारा लेखक असतो. निवेदक जे लपवतो, ते लेखक असे वाचकाच्या हाती देतो. अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात आणि या अर्थाची इंग्रजी संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये रूढ केली, हेही मी सांगितले. सातवीला एवढे सांगावे का, असा प्रश्न एरवी मला पडला असता.

मग एकाने निवेदक मित्राचा सूड घेणार असल्याचे जाहीर केले. "उताऱ्यात कुठे आहे तसं?" असे त्या मुलीनेच विचारले. अनुमान आणि निव्वळ तर्कट यांतला फरक मला यापेक्षा नेमका सांगता आला नसता. थोड्या वेळाने तिने स्वतःचेही उत्तर सुधारले: तो इतरांशी नव्हे, कदाचित स्वतःशीच खोटे बोलत असेल.

शेवटी मी 'मला' पुसून 'त्याला' केले. मुले थबकली. मनातले सारे जाणणारा तृतीयपुरुषी निवेदक 'त्याला वाईट वाटले नाही' असे सांगत असेल, तर सहसा ते खरे धरावे लागते आणि चित्र फाडण्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते. एका सर्वनामाने अख्खा उतारा बदलला होता.

तिची फुली खोडून मी सर्व उत्तरपत्रिका पुन्हा गोळा केल्या. दोघांच्या कागदावर 'त्याला वाईट वाटले असावे' हे वाक्य आधी लिहिलेले आणि मग त्यांनीच खोडलेले दिसले. खाली लिहिलेल्या दुसऱ्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले होते.