न्यूट्रलमध्ये रेस खाली-वर: जुन्या गाडीचं कारण शोधताना आलेला माझा अनुभव

गाडी 2003 ची, एक लिटरची, चार सिलिंडरची, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका गावात, गोठ्याला लागून टिनाच्या शेडमध्ये उभी असते. इंजिन गरम झालं की न्यूट्रलमध्ये रेस (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं तो आकडा, आरपीएम) 1,500 वर चढायची, लगेच 900 वर पडायची, परत चढायची. दोन-तीन सेकंदांचा फेरा, एका तालात. चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता.

आधी नुसतं ऐकलं. रेस तालात खाली-वर होणं वेगळं आणि इंजिनाने मध्येच ठोका चुकवून थरथरणं, म्हणजे मिसिंग, वेगळं. मिसिंग असेल तर प्लग, वायर, कॉइल, इंजेक्टर बघायचे. ताल असेल तर बहुतेक वेळा कुठून तरी जास्तीची हवा शिरत असते. इथे ताल होता, म्हणून हवेपासून सुरुवात केली.

या जातीच्या इंजिनात आत येणारी हवा थेट मोजली जात नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब सांगतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल ठरवतो. चोरटी हवा शिरली की दाब वाढतो, पेट्रोलही वाढतं, रेस चढते. पण थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद आणि रेस एवढी वर, म्हणजे गाडी उतारावर आहे असं समजून ईसीयू पेट्रोल तोडतो. रेस पडली की परत देतो. हाच तो फेरा. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आत फिरवला की हा फेरा कधी कधी थांबतो, कारण ईसीयूला थ्रॉटल उघडा दिसतो आणि तो पेट्रोल तोडत नाही. गळती मात्र तशीच राहते आणि रेस कायमची चढून बसते. अशा गाडीत बहुतेक जण पहिला हात त्याच स्क्रूला घालतात. मी त्याला हात लावला नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बॉनेटखालचं रबर वीस उन्हाळ्यांनी वाळून कडक होतं, वाकवलं की तडकतं. शेजारी सरकी-ढेप असेल तर उंदीरही येतात. इंजिन चालू ठेवून, पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून, एकेक होज (रबरी नळी) मॅनिफोल्डच्या टोकाजवळ दाबत गेलो: ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणारा), चारकोल कॅनिस्टरचा (पेट्रोलची वाफ धरणारा डबा), पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह). बूस्टरची खात्री वेगळी करावी. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पाय तसाच ठेवून चालू करायचं. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं. पीसीव्हीचा होज दाबला तसा फेरा थांबला आणि रेस 1,150 वर स्थिरावली. चांगल्या गाडीतही पीसीव्ही दाबल्यावर रेस थोडी पडते, पण एवढी पडली तर होज फाटलेला आहे किंवा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. व्हॉल्व्ह काढून हलवला, आत खुळखुळ वाजला, म्हणजे मोकळा होता. होज मात्र वळणाच्या खालच्या अंगाने सुमारे दोन सेंटिमीटर चिरलेला. वरून बघून तो कधीच दिसला नसता, हात फिरवला तेव्हा लागला.

नवा होज घेताना ऑइल सोसणाराच घ्यावा. पाण्याचा पाइप ऑइलच्या वाफेने फुगतो, मऊ पडतो आणि व्हॅक्यूमने (मॅनिफोल्डच्या ओढीने) आतल्या आत चिकटतो. आतला व्यास व्हर्नियरने मोजून न्यावा, सैल नळी क्लिपने आवळून भागत नाही.

मॅनिफोल्डचं गॅसकेट (जोडातली सील) गळतंय का हे बघायला स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा जोडांवर मारला. गळती असेल तर पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर गरम एक्झॉस्टजवळ फवारू नये, भडका उडतो. पंख्यापासून हात लांब ठेवावा, तो कधीही सुरू होतो. गॅसकेट ठीक निघालं.

फेरा गेला तरी 1,150 ही रेस जास्तच होती. 850 च्या आसपास हवी. आता संशय कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरवर. तो इंजिन थंड आहे असं सांगत राहिला तर ईसीयू रेस चढवून ठेवतो. अशा सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण अडीच किलोओहम, 40-45 ला एक किलोओहमच्या आसपास आणि 80 ला 300 ओहमच्या जवळ असतो. दुपारी गार इंजिनावर मल्टिमीटरने एक किलोओहमच्या आतबाहेर आला, गरम झाल्यावर 310. सेन्सर बरोबर. पण रेडिएटरचं झाकण उघडलं (इंजिन पूर्ण गार झाल्यावरच) तर कूलंट जवळपास अर्धा लिटर कमी. पातळी खाली गेली की सेन्सरभोवती हवा अडकते आणि रीडिंग भरकटतं. कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून, पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवलं, मधले बुडबुडे जाऊ दिले. रेस हजारावर आली.

उरलेलं काम थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हचं (थ्रॉटल बंद असताना हवा देऊन रेस सांभाळणारा). फिल्टरला काळ्या मातीचा फुफाटा बसला होता, आत व्हॉल्व्हच्या वाटेत काजळी. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ केलं, बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवली, मग अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. बऱ्याच गाड्यांत ईसीयू आयडल असंच नव्याने शिकतो.

शेवटी व्हॅक्यूम गेज लावलं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन न्यूट्रलमध्ये पाऱ्याचे 17 ते 21 इंच व्हॅक्यूम दाखवतं. वर्धा-नागपूर भाग 250-300 मीटर उंच आहे, म्हणून साधारण इंचभर कमी धरावं. काटा 17 वर न हलता राहिला. ठराविक वेळाने तो खाली झटकला असता तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही असं समजलं असतं. एसी लावला, रेस क्षणभर दबली आणि सावरली. 850 वर आहे.